दाजीकाकांची जोडडिस्क

आमचे शेजारी दाजीकाका बाजारात जाताना दोन छत्र्या नेत. एक डोक्यावर, एक काखेत. जन्मभर बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. तिथे म्हणे प्रत्येक वस्तूला जोडीदार असतो. निवृत्त होऊन तारकर्लीला आले ते हे तत्त्वज्ञान घेऊनच. विहिरीवर पंप दोन, चष्मे दोन, एक नाकावर आणि एक कपाळावर. का विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "एक गेलो तर दुसरो होयो!" बायकोच्या बाबतीत मात्र पहिलीचाच पत्ता नव्हता.

संगणक घेतला तेव्हा सावंतवाडीच्या दुकानदाराने एका डिस्कवर विंडोज घातलं आणि आणखी दोन डिस्कांचं 'रेड' नावाचं लग्न लावून दिलं. एकीवर जे, तेच दुसरीवर, अशा समजुतीने काका निर्धास्त झाले.

चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे घरं धुऊन निघतात. भिंती रंगवून झाल्या, समया घासून झाल्या, तसे काका संगणकाकडे वळले. "विंडोज काढून नवीन घातलंय. कसो चकचकीत झालो बघ!"

इतका चकचकीत, की जोडडिस्क उघडायला गेलं की विंडोज विचारी, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?

मला बोलावणं आलं. मी बँकेत. संगणकीकरणाच्या वेळी आम्हाला एक प्रशिक्षण मिळालं होतं, त्यातला चहा उत्तम होता. एवढ्या भांडवलावर मी गावचा तज्ज्ञ.

"फॉरमॅट करून टाका, काका."

"खबरदार! ह्यात घरची माणसां आसत. चतुर्थीच्या आत उघडूक होया."

फोटो असतील, म्हटलं. मी एक डिस्क काढून दुसरी लावून पाहिली, मग उलट केलं. दोघींनीही ओळख दाखवली नाही. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "नक्कल नाही हो, अर्धं एकीवर, अर्धं दुसरीवर. वेग वाढतो ना! नवीन विंडोजला ही जोडी ओळखता येत नाही, त्यासाठी ड्रायव्हरची फ्लॉपी दिली होती, ती घाला. माझ्याकडची बुरशीने गेली."

मी ते सांगितलं, तसा काकांनी कपाळावरचा दुसरा चष्मा उतरवला. "दुसरी फ्लॉपी?" मी गोड आवाजात विचारलं. हा प्रश्न विचारायची मी कितीतरी वर्षं वाट बघत होतो.

"एकच होती रे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला विचारल्याचा पस्तावा झाला.

मग सगळं घर पालथं घातलं. फ्लॉपी सापडली चतुर्थीच्या आदल्या दिवशी. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची लाकडी माटवी माळ्यावरून उतरवली, तर तिच्या फडक्यातून ती खाली पडली. जपायची वस्तू देवाच्या सामानात ठेवायची, हा आमचा नियम. देवाचं सामान वर्षातून एकदाच उघडतं, हे कोणी लक्षात घेत नाही. काकांनी फ्लॉपीला नमस्कार करून ती आत सरकवली आणि डिस्क उघडली.

चतुर्थीला मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. घरात काका आणि गणपती, दोघेच. विरारच्या भावाचे गुडघे, दुबईच्या पुतण्याची रजा. यंदा कोणीच आलं नव्हतं. गाऱ्हाणं तर एकट्याने घालता येत नाही. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं.

"बा गणपती म्हाराजा, जी काय वेडीवाकडी सेवा केलंय ती मान्य करून घे रे म्हाराजा!" काका म्हणाले आणि त्यांनी माऊस दाबला.

"होय म्हाराजा!" स्पीकरमधून जुन्या एका चतुर्थीचं भरलेलं घर ओरडलं. त्यात वारलेल्या थोरल्या भावाचा घोगरा आवाज होता, वहिन्या होत्या, दुबईवाल्याचा लहानपणचा चिरका सूर होता. घरची माणसां म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"जी कोण मुंबैक, परदेशात आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

आणि वीज गेली. काकांच्या दोन्ही यूपीएसनी जोडीने माना टाकल्या.

काका वळले नाहीत. हात जोडून तसेच थांबले, कुणीतरी उत्तर देईल म्हणून. मी घसा खाकरला.

"होय म्हाराजा."

पाठोपाठ दारातून माझी बायकोही म्हणाली.

काका पाठमोरेच म्हणाले, "मोठ्यान म्हणा रे. विरारपर्यंत जावक होया."