रफीकला कुशीवर वळवलं त्याची गोष्ट

भुवनेश्वरी मॅडमनी एकदा शिकवलेलं माणूस जन्मात विसरत नाही, असं त्यांची संस्था छातीठोकपणे सांगते. ते शंभर टक्के खरं आहे. रफीकला विचारा!

रफीकला फिट यायची. गोळ्या चालू असल्यानं आता क्वचितच, पण तिच्यापायी तीन नोकऱ्या गेल्या होत्या. दरवेळी शुद्ध आली की नाकाशी कुणाची तरी चप्पल, आणि चार हात लांब उभी असलेली माणसं. दुसऱ्या दिवशी मालक गोड आवाजात सांगायचा, आधी तब्येत सांभाळा. आजारी माणसांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेतल्या भुवनेश्वरी मॅडमनी मग त्याला चनबसप्पांच्या टॉवेल कारखान्यात लावलं. मागांपासून लांब, घडीच्या टेबलावर. चनबसप्पा म्हणाले, महिनाभर बघतो, मग ठरवतो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. झटका आला तर हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स. नंतर माणूस थोडा वेळ काहीबाही बोलतो, त्याला लगेच उठू द्यायचं नाही. रफीक मान खाली घालून घड्या घालत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कारखाना मात्र तयारीला लागला. घडीच्या टेबलावरच्या कमलम्मानं घड्याळ समोरच्या भिंतीवर हलवून घेतलं. मागावरच्या बिभीषणनं घरी मेहुण्याला कुशीवर वळवून सराव केला. रफीक शिंकला तरी चार माना घड्याळाकडे वळत. आणि रफीकला काही होईचना! अभ्यास करून बसावं आणि परीक्षाच पुढे ढकलावी, तशी सगळ्यांची गत झाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेबलांचं एक पाकीट टेबलाखाली गेलं. रफीक पालथा पडून हात घालू लागला. हात पुरेना, म्हणून पाय झाडत पुढे सरकू लागला. बिभीषणला दिसले ते फक्त पाय.

"रफीकला आलं!"

माग बंद पडले. चौघांनी त्याला हलकेच ओढून कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवले. रफीक म्हणाला, अहो, मी लेबल काढत होतो. कुणी लक्षच दिलं नाही. माणूस काहीबाही बोलतो, हे मॅडमनी सांगितलंच होतं. तो घायकुतीला येऊन ओरडला, "मेरेकू कुछ नै हुआ, छोडो रे!"

"बघा," बिभीषण हळहळला, "भाषाबी बदलली की."

"दोन मिन्टं झाली," कमलम्मा घड्याळाकडे बघत म्हणाली. तिचा दुसरा हात रफीकच्या डोक्याखाली होता.

तेव्हा रफीकनं सुटायची धडपड सोडली. शुद्ध नसताना आपल्याला कोण काय करतं, हे त्यानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आज पाहत होता. कुणी लांब उभं नव्हतं. त्याला भरून आलं, डोळे वाहू लागले.

"डोळ्यांतनं पानी येतंय," कमलम्मा घाबरली. "हे मॅडमनी न्हाई सांगितलं."

एवढ्यात चनबसप्पा धावत आले, आणि जुन्या सवयीनं पायातली चप्पल काढून रफीकच्या नाकाशी नेऊ लागले.

"मालक, चप्पल खाली!" कमलम्मा कडाडली. वीस वर्षांत ती त्यांच्यासमोर आवाज चढवून बोलली नव्हती.

मालक एका पायावर तसेच उभे राहिले. साडेतीन मिनिटं झाल्यावर रफीकला बसू दिलं. त्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. बिभीषणनं वाकून लेबलांचं पाकीट काढलं आणि त्या पाकिटाकडेच बघत बसला.

संध्याकाळी मालकांनी रफीकला केबिनमध्ये बोलावलं. चौथी नोकरीही गेली, असं धरूनच तो आत गेला.

"फिट न्हाई, काय न्हाई, तरी सगळे माग बंद," चनबसप्पा म्हणाले. "खरी आली तर काय हुईल?"

रफीकनं खरोखरच विचार केला.

"खरी आली तर सोपं जाईल, मालक. तेव्हा मी मधे बोलणार नाही."

चनबसप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "उद्या येळेवर ये. आन् तुला काय व्हायलंय वाटलं, तर कमलम्माला सांग. मला सांगू नको. मला ती जवळ येऊ देत न्हाई."