शिरोडकर काका आणि माझा फ्रिज

संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात माझ्या घरातला फ्रिज चालू राहील की नाही, हे शेजारचे शिरोडकर काका ठरवतात. फ्रिज माझा, आतलं दूध माझं, भिंत अर्धी तरी माझी. तरी त्या भिंतीवर तीन थापा पडतात आणि पाठोपाठ आवाज येतो, "तुटलं! कदम, फ्रिज!" मी मुकाट्याने उठतो आणि बटण बंद करतो. सानपाड्यातल्या एका शिकल्यासवरलेल्या, वेळेवर मेंटेनन्स भरणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचा मला संताप येतो.

तुटलं म्हणजे गाणं. काका चौतीस वर्षं एपीएमसी मार्केटाजवळच्या एका वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, माल उतरवून रिकामा परत चढायचा, आणि मधला फरक काका लिहायचे. "काटा खोटं बोलत नाही, कदम. माणूस बोलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते लिफ्टमध्ये ऐकावं लागतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकावं लागतं, आणि भाजीवाल्याला तर रोजच ऐकावं लागतं. निवृत्तीनंतर वजन करायला ट्रक उरले नाहीत, म्हणून काका लॅपटॉपवरच्या गाण्यांच्या मागे लागले.

एकदा त्यांनी मला जिन्यात गाठून अपसॅम्पलिंग समजावलं. मी स्वतः कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे, हे सांगायला त्यांनी मला सवड दिली नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी म्हणे मशीन दर सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा आवाजाचं वजन करतं. पण दोन वजनांच्या मधे जे झालं ते कोण लिहिणार? ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, एकाचे सोळा करतं, आणि साखरेची पिठीसाखर व्हावी तसा आवाज मऊ होतो. इथपर्यंत ठीक. पण हे दळण ज्याच्यावर टाकलं होतं, तो लॅपटॉप म्हातारा. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा, दळण वेळेत पुरं व्हायचं नाही, आणि तेवढ्या क्षणापुरतं गाणं गायब व्हायचं.

याला औषध आहे. लॅपटॉपला थोडा आवाज आधीच दळून साठवू द्यायचा, गच्चीवरच्या टाकीत पाणी साठवतो तसा. टाकी मोठी असली की पंप जरा थांबला तरी नळ चालू राहतो. हे मी काकांना निदान दहा वेळा सांगितलं. चार्जर लावून ठेवा, सोळाचे चार करा, म्हटलं. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजवर यायचे. फ्रिज करंटमध्ये गचके देतो म्हणे. फ्रिज झाल्यावर खालच्या मजल्यावरचा मिक्सर झाला. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी रोज तासभर लिफ्ट बंद ठेवण्याचा ठराव मांडला. चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी त्या दिवशी काकांना जे ऐकवलं, त्यात माझाही मनापासून हातभार होता.

ही सगळी दगदग ज्यांच्यासाठी, त्या शिरोडकर काकू गाणं शिकवतात. आमच्या सेक्टरमधल्या अर्ध्या मुलींचा सा काकूंनी लावलेला आहे. त्यांच्या कानाचा भारी दरारा. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता बाहेरच्या खोलीतल्या मुलीला त्या सांगायच्या, "निषाद चढलाय गं, खाली ये." संध्याकाळी मुली गेल्या की काकूंनी तासभर ऐकायचं. त्यांची खुर्ची कुठे असावी याच्या खडूच्या खुणा फरशीवर आहेत. त्या पुसल्या म्हणून काकांनी कामवाल्या बाईंशी भांडण काढलं होतं. स्वतः काका स्टुलावर बसतात ते स्पीकरकडे चक्क पाठ करून, काकूंकडे तोंड करून. एवढा गाण्याचा शौकीन, आणि स्पीकरकडे पाठ! मी हे ऑफिसात सांगून लोकांना हसवलंही आहे.

एकदा मलाही ऐकायला बसवलं. रेकॉर्डवरच्या गायिकाबाई वरच्या पट्टीत अगदी हलक्या आवाजात आलाप घेत होत्या. काकू म्हणाल्या, "तुटलं हो." काका ताडकन उठले, लॅपटॉपला चार शेलक्या शिव्या दिल्या, वायर काढून परत घातली. मला तर कुठे काही तुटल्यासारखं वाटलं नव्हतं. तसं मी म्हणालो, तर काका माझ्यावरच उलटले. "तुमचे कान ऑफिसातल्या हेडफोनने गेलेत, कदम."

तेही मी गिळलं. पण गेल्या गुरुवारी काकांनी कहर केला. मी घरून साहेबांसमोर तीन महिन्यांचं काम मांडत होतो. "आणि म्हणूनच आपल्याला," इथवर आलो आणि घरातली वीज गेली. वाय-फाय गेलं, साहेब गेले. खाली मीटरच्या खोलीत गेलो, तर काका माझ्या मीटरचं बटण पाडून शांतपणे उभे. म्हणाले, "भिंतीवर थापा मारल्या, तुमी आलात नाय. म्हटलं कशाला त्रास द्या."

शनिवारी सकाळी काका आंबे आणायला मार्केटात गेलेले पाहिले आणि मी त्यांच्या घरी शिरलो. म्हटलं, आज त्या लॅपटॉपचा सोक्षमोक्ष लावायचा आणि काका आले की चारचौघांत त्यांचं माप त्यांच्या पदरात घालायचं. काकूंना वाटलं मी मदतीला आलोय. त्यांनी चहा टाकला.

लॅपटॉप उघडला आणि मी बघतच राहिलो. सगळं जागच्या जागी होतं. चार्जर लावलेला. टाकी हवी तेवढी मोठी केलेली, मी सांगितली होती अगदी तेवढी. आणि अपसॅम्पलिंग? ते बंदच होतं, बंद केल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा दिसतो, गाणं किती वेळा तुटलं त्याचा. तिथे शून्य होतं. मी कालचं गाणं लावलं. आलाप धारेसारखा वर गेला, कुठे खळ नाही.

"बघा," काकू चहाचा कप देत म्हणाल्या, "आत्ता तुटलं."

मी शून्याकडे बघितलं. तेवढ्यात दार उघडून काका आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि आंब्यांची पिशवी तशीच हातात धरून मला जिन्यात घेऊन गेले.

"आधी लॅपटॉपच तुटायचा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमी सांगितलं तसं केलं, थांबला. मी खूश. आणि ही म्हणाली, तुटलं. आकडा बघितला तर शून्य. चार दिवस बघितलं, हिच्या तोंडाकडे बघत बसलो. वरचे बारीक सूर तिच्या कानातून निसटतात."

मी म्हणालो, "मग सांगा ना त्यांना. डॉक्टरकडे न्या."

"गुरुपौर्णिमेला पोरी गाणार हायेत. आपला कान चुकतोय हे हिला कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद करून बसेल. तेवढा कार्यक्रम होऊ दे. वाशीच्या डॉक्टरची वेळ घेतलीय मी, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. मीच सांगणार हाय." मग पिशवीतल्या आंब्यांकडे बघत म्हणाले, "कसं सांगायचं ते तेवढं ठरत नाय."

मला वाईट वाटलंच, पण राग काही एकदम जात नसतो. मी म्हटलं, "अहो, मग माझा फ्रिज कशाला बंद करायला लावता रोज? बंद केला असं नुसतं सांगायचं."

काका दुखावल्यासारखे झाले. "ती विचारते ना, कदमांचा फ्रिज बंद हाय का. एक खोटं बोलतोय, ते पुरे नाय?"

आम्ही आत आलो. काकूंनी विचारलं, सापडलं का काही. मी म्हणालो, "लॅपटॉपच भिकार आहे काकू. त्याला इलाज नाही." काकांनी लगेच माझ्यावर तोंडसुख घेतलं, की कदमांनी हात लावून आणखी बिघडवला. मी ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी सव्वासहालाच मी फ्रिज बंद केला, वाय-फाय बंद केलं, पंखासुद्धा बंद केला, आणि घामाघूम होऊन भिंतीशी बसलो. पलीकडे आलाप सुरू झाला. वर, आणखी वर गेला. काकूंचा आवाज आला, "तुटलं हो."

थापा पडल्या नाहीत. मग मीच भिंतीवर जोरात तीन थापा मारल्या आणि ओरडलो, "माफ करा काकू, माझाच फ्रिज चालू राहिला होता!"