राक्षसतळाला आमची हरकत

वाचायला मी उशिरा शिकलो, पण शिकलो ते पक्कं! साठी ओलांडल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो, आणि आता एसटीच्या पाटीपासून खताच्या पिशवीवरच्या बारीक सूचनेपर्यंत माझ्या तावडीतून काही सुटत नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा मी दोन्ही बाजूंनी वाचतो. वाचून होईस्तोवर औषध घ्यायचं राहून जातं आणि खोकला तसाच राहतो, असं आमची फुलाबाई म्हणते. ती माझी बायको, तिला म्हणायचा हक्क आहे.

मार्गासनीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. या खोऱ्यातलं माणूस जन्मतःच दोन गोष्टी शिकून येतं, एक रडणं आणि दुसरी हरकत घेणं. माझ्या वडलांनी एका नकाशावर अंगठा उठवला होता. त्यांना वाटलं, नकाशा बघितला म्हणून पोच मागतायत. पुढं आमचं खालचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला: नकाशा दिसला की आधी हरकत, मग चहा.

माझी नात प्रेरणा भोरच्या कॉलेजात शिकते. तिला एका खेळाचं वेड. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणाला भिंतीवरून उडी मारायची असली तरी जागचं उठत कुणी नाही. फासा टाकतात, आणि फासा सांगतो की पाय मोडला. त्या फाशाला वीस तोंडं, म्हणजे रावणाच्या दुप्पट.

भोरमधली एक लहानशी कंपनी या खेळाची पुस्तकं काढते. दर पुस्तकात नवा मुलूख: त्याचा नकाशा, राजे, राक्षस, सगळं. वाळवंटाचा झाला, समुद्राचा झाला. तिसरा कुठला येणार यावर खेळणाऱ्या पोरांची मोबाईलवर वर्षभर डोकेफोड चाललेली. प्रेरणानंही एक मुलूख रचून कंपनीला पाठवला होता. तो निवडला तर पुस्तकावर तिचं नाव येणार. पोरीनं त्यासाठी देवाला नारळ बोलला होता. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. मी मान हलवत एका वेष्टनावरचा मजकूर वाचत होतो. ऐकण्यापेक्षा वाचण्यावर माझा जास्त भरवसा, आणि घात झाला तो तिथंच.

परीक्षेसाठी प्रेरणा भोरला मावशीकडं राहायला गेली. जाताना तिनं मला त्या खेळणाऱ्यांच्या गटात घातलं. म्हणाली, "आबा, पोरं लांबलांब लिहितात. तुम्हाला वाचायचा सराव होईल." स्वतःचा मोबाईल मात्र तिनं अभ्यासासाठी बंद करून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी गटात प्रद्युम्न नावाच्या पोरानं नकाशा टाकला. वर लिहिलं होतं, "आतली खबर! पुढचा मुलूख हाच. रविवारी जाहीर होणार."

मी चष्मा पुसून बघितलं. नदीचं वळण आमचं. डोंगर आमचा. पायथ्याचं पाण्याचं टाकं आमचं. आणि आमच्या वाडीच्या जागी निळा रंग फासून लिहिलं होतं, "बुडीत गाव".

वरच्या माळावर लिहिलं होतं, "राक्षसतळ". ते मला लगेच कळलं. डोंगर विकत घेऊन बंगले बांधणारे लोक त्यांना असलीच नावं देतात. पुण्याच्या माणसाला सुट्टीत भ्यायला आवडत असेल. प्रेरणाचा मुलूख मनात आला नाही असं नाही, पण तिचा तर खेळ होता. हे छापलेलं होतं!

मी तडक आनंदरावाच्या पिठाच्या गिरणीवर गेलो. आनंदराव पंचायतीचा सदस्य, आणि त्याची गिरणी म्हणजे आमची कचेरी. दळणाला आलेल्या माणसांना मी गटातलं एकेक वाचून दाखवायला लागलो. बोट ओळीखालून सरकत होतं आणि गिरणीतला एकेक चेहरा पिठापेक्षा पांढरा होत होता.

एकानं लिहिलं होतं, नुसतं गाव बुडवून काय मजा, आत माणसं असतानाच बुडवा. दुसऱ्याचं म्हणणं, खोऱ्यात माणसं फार झाली, सुरुवातीलाच निम्मी साथीत मारावीत. तिसऱ्यानं विचारलं, सगळी मारली तर राक्षस खातील काय? त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले होते. चौथा जरा दयाळू होता. टाक्यापाशी राहणारी म्हातारी मारू नका, ती पुढं उपयोगी पडेल, असं त्यानं लिहिलं होतं.

टाक्यापाशी आमच्याकडं एकच म्हातारी राहते, ती ठकुबाई. ती दळणाच्या डब्यावर बसून ऐकत होती.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"भल्या घरचं पोरगं दिसतंय," असं म्हणून तिनं पदर सावरला. "बाकीच्यांचं तुमी बगा."

आनंदरावानं गिरणी बंद केली. त्याच्या सांगण्यावरून मी आयुष्यातला पहिला लेखी अर्ज त्या गटात टाकला: आम्ही वाडीकर, आमच्या जमिनी, घरं व माणसं बुडवण्यास आमची सक्त हरकत आहे. एवढं बोटानं उमटवेपर्यंत बाहेर गुरं चरून परत आली.

गटात एकच दंगा उसळला. त्या पोरांना वाटलं, मी कंपनीचाच माणूस. नव्या पुस्तकाची जाहिरात म्हणून म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आलोय. मग तीही रंगात आली. एकानं उत्तर धाडलं, "म्हाताऱ्या, हा महाराजांचा हुकूम आहे. अमावास्येच्या आत वाडी खाली कर, नाहीतर राक्षस सोडू."

हुकूम वाचून झाल्यावर आनंदरावानं अमावास्येपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

"मुदत लई कमी दिलीया," शेवटी आनंदराव म्हणाला. राक्षसाबद्दल त्याची तक्रार नव्हती. मुदतीबद्दल होती.

सकाळी टेम्पो भरला. सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन हरकतीचा कागद तयार झाला. नकाशाखाली छापलेल्या पत्त्यावर गेलो, तर कंपनी भोरच्या एका गल्लीत, माडीवर, दोन खोल्यांत होती. श्रीपाद नावाचा तरुण मालक पायजम्यावरच दार उघडायला आला. बाहेर टेम्पोभर फेटे, पदर आणि एक कोयता बघून त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, खेळणारी मंडळी वेष करून आलीत.

आनंदरावानं खाकरून विचारलं, "धरन किती उंच करनार?"

"अजून ठरलेलं नाही. तुम्ही म्हणाल तेवढं करू."

आनंदरावानं माझ्याकडं बघितलं. इतका नरम साहेब त्यानं जन्मात बघितला नव्हता, आणि म्हणून त्याला जास्तच संशय आला.

"आन् वाडी बुडवायलाच पायजे का?"

"बुडवली तर लोकांना आवडेल," श्रीपाद आनंदानं म्हणाला.

यावर ठकुबाई कोयत्यासकट पुढं झाली. कोयता गवताला नेलेला, तिच्या हातात तो कायमच असतो, पण श्रीपादला ते कुठून माहीत? हे वेष नव्हेत, हे त्याच्या तेवढ्यात ध्यानात आलं. घाम पुसत त्यानं सांगायला सुरुवात केली की हा नुसता खेळ आहे. आनंदराव म्हणाला, आमच्या बापजाद्यांनाबी असंच सांगितलं हुतं. मग श्रीपादनं हरकतीचा कागद घेतला, अंगठे बघितले, आणि घाईघाईनं लिहून दिलं: खोऱ्याचा मुलूख रद्द.

काय सांगू तुम्हाला! येताना टेम्पोत गुलाल उधळला. वेशीवर मला खांद्यावर घेतलं. ज्यानं घेतलं त्याची कंबर अजून दुखतेय.

संध्याकाळी परीक्षा संपवून प्रेरणा घरी आली. मोबाईल चालू केला. गटात कंपनीची सूचना होती: निवडलेला खोऱ्याचा मुलूख स्थानिकांच्या हरकतीमुळे मागं घेतला आहे.

"आबा," ती म्हणाली, "तो माझा मुलूख होता."

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला नेहमीसारखी भाकरी वाढली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. फुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटातली भाकरी काढून घेतली.

पहिल्या एसटीनं मी भोर गाठलं. श्रीपादनं दार साखळी लावूनच उघडलं. मी हात जोडले. नातीचं नाव पुस्तकावर येणार होतं, आजोबानंच ते खोडलं, एवढं कळवळून सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, मला तर तिचाच मुलूख आवडला होता. पण आख्ख्या वाडीचे अंगठे आहेत. वाडीची ना हरकत आणा. नाहीतर रविवारी भोंगवलीच्या कुमारचा मुलूख जाहीर करतो."

मी परत येऊन गिरणीवर सगळ्यांना गोळा केलं. सांगितलं, बाबांनो, धरण नाही, राक्षस नाही, सगळा पोरांचा खेळ. ना हरकत द्या.

कुणी विश्वास ठेवला नाही. काल खांद्यावर घेणारा आज कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता.

"सावळाराम," आनंदराव हळू आवाजात म्हणाला, "कंपनीनं तुला फोडला."

मी देवाची शपथ घेतली. प्रेरणाला पुढं केलं. तिनं फासा दाखवला. तो बघून तर संशय पक्का झाला. हा जुगार आहे, असं कुणीतरी म्हणालं. प्रेरणा फासा मुठीत धरून घराकडं वळली. तिची पाठमोरी वेणी वळणापर्यंत दिसत राहिली. हरलो, असं म्हणून मी उठलो, आणि उठता उठता कपाळावर हात मारून बोललो, "जाऊ द्या. आता राक्षस भोंगवलीला जातील."

गिरणीचा पट्टा थांबला.

"भोंगवलीला का म्हून?" आनंदरावानं विचारलं.

मी सांगितलं की आपण नको म्हटल्यावर कंपनीनं भोंगवली धरली. पुस्तकात नकाशा त्यांचा, नाव त्यांचं, राक्षसही त्यांचेच.

आता आमच्याकडं भोंगवलीबद्दल वाईट कुणी बोलत नाही. फक्त तिकडं काही चांगलं झालेलं कुणाला सोसवत नाही.

"त्यांच्यात राक्षस ऱ्हानार कुठं?" आनंदराव तापला. "धड डोंगर न्हाई त्यांच्याकडं!"

टाकंही आपलंच, असं ठकुबाई म्हणाली. मग सगळेच बोलायला लागले. वर्षानुवर्षं आपल्यावर अन्याय होतोय, येणारी प्रत्येक गोष्ट खालचे लोक पळवतात, निदान राक्षस तरी आपल्याला मिळाले पाहिजेत! तिथल्या तिथं ठराव झाला. मजकूर मीच लिहिला: आमची वाडी माणसांसकट बुडवण्यात यावी, ही नम्र विनंती. ज्यांनी हरकतीवर अंगठे दिले होते, त्यांनी यावर दोन्ही हातांचे दिले.

टेम्पो पुन्हा भोरला गेला. कागद वाचून श्रीपाद पायरीवर बसला. बराच वेळ हसतोय की रडतोय ते कळेना. मग त्यानं आत जाऊन प्रेरणाला फोन लावला. रविवारी तिचाच मुलूख जाहीर झाला, तिच्या नावासकट. कुमारचा पुढच्या वर्षी घेणार आहेत, पण हे वाडीत अजून मी कुणाला सांगितलेलं नाही.

प्रेरणा माझ्याशी बोलायला लागली, पण एका अटीवर. पुस्तक छापण्याआधी मुलूख खेळून बघायचा होता, आणि त्या खेळात आम्ही म्हातारा-म्हातारीनं बसायचं. मला वाडीचा राखणदार केलं. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की पाणी चढतंय, मी लोकांना वाचवतो. फासा टाकला. पहिला बुडालो मीच. फुलाबाईनं आयुष्यात एक अक्षर वाचलेलं नाही. ती मात्र चूल सांभाळत, मागं वळून बघत फासे टाकत गेली आणि सूर्य मावळायच्या आत राक्षसतळाची राणी झाली.

गेल्या रविवारी तिनं माझं घर राक्षसांना गोठा म्हणून दिलं. मी राणीसाहेबांकडं लेखी हरकत घेतली आहे. त्या म्हणतात, एखादं शिकलेलं माणूस आलं की वाचून घेईन.