भावसार सरांचा विभाग

माझ्या लग्नाच्या फोटोत होमाशेजारी एक बादली आहे. बायको मुंडावळ्यांमागे झाकली गेलीय, मी धुरानं डोळे मिटलेत, पण बादली मात्र एकदम स्वच्छ आलीय. त्या बादलीत तापीची वाळू आहे आणि ती भावसार सरांनी बऱ्हाणपूरच्या लालबागहून टांग्यात घालून आणली होती. आहेर म्हणून.

अक्षता पडून होम पेटल्यावर ते मांडवात शिरले, होमाची आग पाहिली, मांडवाचं कापड पाहिलं, बादली नेमकी त्या दोन्हींच्या मध्ये ठेवली आणि भटजींच्या कानात म्हणाले, "काही नाही, तुमचं चालू द्या. लागलीच तर एकदम उपडी करायची." माझ्या सासरचे लोक खानदेशातले. त्यांना वाटलं, बऱ्हाणपूरकडची ही रीत असेल. सासूबाईंनी बादलीला हळदकुंकू वाहिलं. कुणा मावशीनं वर सुपारी ठेवली. पुढं माझ्या मेहुणीच्या लग्नात सासरे सगळ्यांदेखत विचारत फिरत होते की वाळूची बादली कुठं राहिली. त्या घराण्यात ती अजून ठेवतात. एका विद्यापीठीय विषयाचा समाजावर याहून खोल परिणाम झालेला मी पाहिला नाही.

विषय होता औद्योगिक सुरक्षा. गिरण्या, जिनिंगचे कारखाने, माग अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसानं शाबूत कसं राहावं, याचं शिक्षण. आमच्या कॉलेजात त्याचा वेगळा विभाग होता, आणि विभाग म्हणजे भावसार सर. अंगावर लोंबणारं काही ठेवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यामुळं बाह्या कोपराच्या वर, शर्ट पँटीत खोचलेला, बोटात अंगठी नाही, गळ्यात मफलर नाही, ऐन पौषातसुद्धा. मिशी होती, पण ती इतकी कातरलेली की कुठलंही यंत्र तिला धरू शकलं नसतं.

कुणाच्या घरी गेले की ते चहाआधी छत बघायचे, चूल बघायचे, मग घरच्या बाईला विचारायचे, "सुटायचं कसं?" म्हणजे आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार कुठं आहे. माझ्या बायकोला त्यांनी हा प्रश्न आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाच विचारला. ती बिचारी म्हणाली, "अजून वर्षही झालं नाही हो लग्नाला."

आता मी या विभागात कसा आलो, ते सांगतो. मी मराठीचा एम.ए. माझी नेमणूक मराठी शिकवायला झाली होती. तेवढ्यात राज्यांची नवी मांडणी झाली. आमच्या राज्याचं नाव तेच राहिलं, फक्त राजधानी बदलली. काल नागपूरला जाणारे कागद आज भोपाळला जायला लागले. विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो, आणि तापीला त्यातलं काहीच कळलं नाही. पोरांना मात्र लगेच कळलं. नोकरीला आता हिंदी लागणार म्हटल्यावर माझा वर्ग ओसरला. शेवटी समोरच्या बाकावर एकच विद्यार्थी उरला आणि तोही वाट चुकून आला होता.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुम्ही रिकामे बसून राहिले. भावसारांना माणूस पाहिजे."

"पण सर, मला यंत्रातलं काही कळत नाही."

"त्यांना तसाच पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "ज्याला कळते, तो त्यांचे ऐकत नाही."

विभाग कॉलेजच्या मागं, एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. छताला लांब शाफ्ट, त्यावरून खाली येणारे चामडी पट्टे, कापसातली सरकी काढणारा एक रेचा आणि भंगारातून आणलेलं, कापूस पिंजायचं एक कार्डिंगचं यंत्र. वर्ग संध्याकाळी भरायचा. विद्यार्थी गिरणीतले. सर शिकवायचे मराठी, हिंदी आणि खानदेशीची खिचडी करून. "बघ भाऊ, मशीन तुझी दुश्मन नाही. पण ती तुले ओळखत बी नाही. तू तिचा रोजचा माणूस आहे, हे तिले कोण सांगन?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कार्डिंगच्या चालत्या यंत्राशेजारी उभं केलं. मी काय करायचं, तर फक्त उभं राहायचं. मी धोतरात गेलो होतो. प्राध्यापकानं धोतरात असावं, अशी तेव्हा माझी समजूत होती. सरांनी सोगा कमरेला खोचायला लावला होता, तो मी नीट खोचला नव्हता. सर पाठमोरे होऊन पट्ट्याची रचना समजावत होते, मी विद्वानासारखा मान हलवत होतो, आणि माझा सोगा हळूच पुलीकडे निघाला होता. पुढचं सगळं झटकन झालं. सरांनी काठीनं पट्टा उडवला, यंत्र थांबलं, धोतर शाफ्टभोवती पागोट्यासारखं बसलं आणि मी अख्ख्या वर्गासमोर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा राहिलो.

कुणी हसलं नाही, कारण सर हसले नाहीत. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, हात पाहिले, मग वर्गाकडे वळून म्हणाले, "मास्तरांनी तुमच्यासाठी करून दाखवलं. कोणी विसरू नका." कोणी विसरलंही नाही. लालबागेत टांगेवाले मला बरीच वर्षं 'ते करून दाखवणारे मास्तर' म्हणत.

मग मी ठरवलं की आपला उपयोग भाषेतच व्हायला हवा. नव्या राजधानीहून सूचना आली होती की सगळ्या पाट्या राजभाषेत लावा. 'हात घालू नको' ही सरांची जुनी पाटी मी उतरवली आणि तिच्या जागी अशी शुद्ध, संस्कृतप्रचुर हिंदी लिहिली की स्वतःच दोनदा वाचून पाहिली. दुसऱ्या दिवशी पाटीखाली उदबत्ती लावलेली. दापोऱ्याचा सुपडू पाटील, आमचा सगळ्यात मोठ्या अंगाचा आणि सगळ्यात साधा विद्यार्थी, पाटीला हात जोडून उभा होता.

"काय वाचलंस?" सरांनी विचारलं.

"श्लोक हाय ना जी," सुपडू म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खडूनं खाली लिहिलं, 'हात घालू नको', आणि उदबत्ती दुसरीकडे सरकवली, कारण जवळ कापूस होता.

अशा थाटात आमचं चाललं होतं, आणि भोपाळहून पत्र आलं की समिती येणार. जुन्या व्यवस्थेतले कुठले विभाग नव्यात ठेवायचे, कुठले बंद करायचे, ते ती ठरवणार होती. विभाग बंद झाला असता, तर मी कुठंतरी लागलोच असतो. मला काय, हिंदीच्या वर्गात मराठी, नाही तर मराठीच्या वर्गात हिंदी. पण सरांना दुसरं काही नव्हतंच. लग्न केलं नव्हतं. लालबागेत एक खोली, तिला दोन दारं, एवढाच त्यांचा संसार.

ती तारीख नेमकी खंडेनवमीची निघाली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. गिरणीत, सुताराकडे, टांगेवाल्याकडेसुद्धा. सर पूजेला नाही म्हणत नसत, फक्त यंत्र बंद करून फुलं भिंतीवर वाहायला लावत. "देव भिंतीवरून बी पाहतो," म्हणत. मला वाटलं, आज पाहुणे आहेत, आज थोडी शोभा हवी. राजपुऱ्यातल्या फुलवाल्याकडून मी झेंडूचे हार आणले. समितीच्या अध्यक्षांसाठी आणलेला तर गुडघ्याखाली पोचणारा होता. अध्यक्ष मोठे भारदस्त, खांद्यावर जरीचं उपरणं. मी दारातच तो हार त्यांच्या गळ्यात घातला आणि प्राचार्यांकडे पाहिलं. ते खूश होते. मग सरांकडे पाहिलं. ते हाराचं खालचं टोक बघत होते.

"चलाइए," अध्यक्ष म्हणाले.

"साहब, हार उतार दीजिए," सर म्हणाले. "उपरना भी."

प्राचार्य पुढं झाले. "भावसार, साहेब फक्त लांबून बघतील."

"लांबून बघायला येते मानूस, मग जवळ जाते."

मी सरांना बाजूला ओढलं. "सर, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. विभाग जाईल."

"मास्तर," सर हळू म्हणाले, "मशीनले कोण सांगन हे अध्यक्ष आहेत म्हणून?"

सर हात मागं बांधून यंत्रासमोर उभे, पट्ट्याची काठी काखेत. अध्यक्षांनी त्यांच्या वर केलेल्या बाह्यांकडे पाहिलं. मग हार काढला आणि प्राचार्यांच्या गळ्यात घातला. उपरणं काढून माझ्या हातात दिलं. स्वतःच बाह्या वर केल्या. म्हणाले, "अब ठीक है, मास्टरजी?" सरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत तपासलं, एक सुटलेलं बटण लावायला सांगितलं आणि मगच पट्टा चढवला. त्यानंतर अध्यक्ष निघायचं नाव घेईनात. रेच्यात कापूस कसा ओढला जातो, बोट कसं ओढलं जातं, ते त्यांनी सुपडूच्या शेजारी उकिडवं बसून समजून घेतलं. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "ऐसे आदमी को यहाँ कोने में क्यों रखा है?"

महिन्याभरात हुकूम आला. विभाग नुसता राहणार नव्हता, वाढणार होता. मोठ्या शहरात नवी इमारत, नवी यंत्रं, आणि प्रमुख म्हणून श्री. भावसार. बऱ्हाणपूरची शेड बंद.

शेवटचं वाक्य मी नीट वाचलंच नाही. मी धावत राजपुऱ्यात गेलो, माव्याची जिलेबी घेतली, गरम, पाक गळणारी, आणि टांग्यानं लालबागला निघालो. वाटेत भेटेल त्याला सांगत होतो, आम्ही जिंकलो म्हणून.

विभाग गेला. सर गेले नाहीत. प्राचार्यांनी त्यांना समजावलं, रागावले, शेवटी ग्रंथालयात बसवलं. तिथं ते कपाटं भिंतीला खिळवत बसले. लोक म्हणाले, माणूस हट्टी. कुणी म्हणालं, नव्या शहराला घाबरला. मीही त्यांच्यापाशी कधी काही बोललो नाही. का गेले नाहीत, ते मला जिलेबीच्या त्या संध्याकाळीच कळलं होतं.

त्या संध्याकाळी खोलीवर ते नव्हते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या वक्ताला ते कुठं सापडतात? गिरणीच्या दरवाज्यावर बघा." मी गेलो. दरवाज्यासमोरच्या नाल्याच्या कठड्यावर सर बसले होते. पाळी सुटायची वेळ होती. भोंगा झाला आणि माणसं बाहेर यायला लागली, केसांत कापूस, डब्याच्या पिशव्या काखेत. सरांसमोरून जाताना जो तो न थांबता, न बोलता, दोन्ही हात त्यांच्यापुढं धरायचा. पालथे, मग उताणे. जेवायला बसायच्या आधी मुलं आईला दाखवतात तसे. सर बघायचे, मान हलवायचे, माणूस पुढं जायचा. काही तर गप्पा मारतच हात दाखवून जात होते.

सुपडूनं एकच हात दाखवला.

"दुसरा," सर म्हणाले.

"हाय ना जी, जागेवरच हाय."

"दुसरा दाखव, सुपडू."

त्यानं तो काढला. बोटाला चिंधी होती. सर कठड्यावरून उठले. चिंधी त्यांनी स्वतः सोडली. खाली साधा काप निघाला.

"घरी केळीचं पान काढत होतो," सुपडू ओशाळून म्हणाला. "मशीनचं नाही जी."

सरांनी चिंधी परत बांधली, जरा जास्तच घट्ट. "कोयता आपल्याकडे ओढायचा नाही. हे काय वर्गात सांगायचं?"

"नाही जी." सुपडू गेला नाही. "तुम्ही चालले म्हने इथून?"

"कोण सांगून राहिलं?"

सुपडूनं माझ्याकडे बोट केलं. बातमी माझ्या टांग्याच्या आधीच पोचली होती.

"मास्तरांचं काय ऐकतो," सर म्हणाले. सुपडू हसला आणि दापोऱ्याच्या वाटेला लागला.

माणसं संपली. दरवानानं दार लोटलं. मी सरांशेजारी बसलो, जिलेबीचा पुडा मध्ये ठेवला. म्हणालो, "सर, तिकडे तुम्हाला शेकड्यानं विद्यार्थी मिळतील."

"मिळतील," ते म्हणाले. "शिकून जातील कुठं कुठं. शाबूत राहिले का नाही, मला कोण दाखवन?"

मी पुडा बाजूला सरकवला. बसल्या बसल्या मीच दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. पाकानं चिकट झालेले, शाईनं माखलेले, जन्मात कुठल्या यंत्राला नीट न लागलेले हात. सरांनी ते घेतले, पालथे पाहिले, उताणे पाहिले. काहीच लागलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते बराच वेळ सोडले नाहीत.