आधी रडून घे

सुई हातात घेतली की आमचे नाना डॉक्टर लेकराला म्हणतात, "आधी रडून घे. मग टोचतो."

लातुरात लेकरांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण लेकरू रडायची वाट बघत स्टुलावर बसणारा हा एकच. पोरगं बिचकून गप्प झालं तर वर शिकवणी घेतात, "नरड्यातून न्हाई, पोटातून रड. औसा रोडला ऐकू जाऊ दे!" नवीन आईबाप माझ्याकडं बघतात. मी सतरा वर्षं त्यांची सिस्टर आहे, मी तरी काय सांगणार, कप्पाळ? बाहेर रांग खोळंबलेली, आत भोंगा चालू. एखादा बाप पोराला "गप बस, शहाणा ना तू?" म्हणाला की संपलंच. "तुम्ही बाहेर थांबा. पेशंट कोण हाय, तुम्ही का ते?"

पण एवढ्या शहाण्या माणसाचीही फसगत झाली. ती रेणुकापाशी. चाकूरकडची, दहा वर्षांची पोर. तिला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, नाहीतर जीव वाचत नाही. ही कधी रडलीच नाही. हात पुढं करायची आणि भिंतीकडं बघायची. डॉक्टर एकदम खूश! "ही आपली वाघीण," म्हणून सगळ्या वॉर्डाला दाखवायचे. नवीन लेकरू आलं की, "रेणुका, जरा समजाव गं याला."

मी एकदा म्हटलं, "सर, पोरगी लई गप्प हाय." तर मलाच म्हणाले, "सिस्टर, लेकरं मला कळतात." घ्या!

मग एकदा ती तारखेला आलीच नाही. पुढच्या आठवड्यात आईनं ओढत आणली. ओठ पांढरेफटक. आई रडकुंडीला आलेली. "घरी पलंगाखाली जाऊन बसते, सर. रक्त नको, मरू दे म्हणते. मी काय करू आता?"

डॉक्टर नेहमीच्या थाटात म्हणाले, "अगं, तू तर आपली वाघीण..."

"न्हाई मी वाघीण!" रेणुका किंचाळली. "सगळ्यायला रडू देता. मलाच कामून न्हाई?"

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी सुई ठेवून दिली आणि ते तिच्या पलंगाशेजारी फरशीवरच बसले. "चुकलं बाई माझं. लई चुकलं."

मग ती जी रडली, देवा! माझेही डोळे वाहायला लागले. कुणीतरी दार वाजवलं तर मीच खेकसले, "थांबा की जरा!" शेवटी नाक पुसत तिनं आपणहून हात पुढं केला. "टोचा आता. पण हळू."

रक्त सुरू झालं. अर्धी पिशवी गेली, ओठांना जरा रंग आला, तरी डॉक्टर खालीच बसलेले.

"सर, सगळ्यायचं कळतं तुम्हाला. माझंच कामून कळलं न्हाई?"

डॉक्टरांनी पिशवीतल्या थेंबांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "मला लहानपणी दमा होता. किनवटला वसतिगृहात राहायचो. रात रात बसून काढायचो, पण रडायचो न्हाई. सगळे म्हणायचे, लई समजदार लेकरू. मला वाटायचं, कुणीतरी एकदा विचारावं, 'रडू येतंय का रे?' कुणी विचारलंच न्हाई. आणि मीही तुला न्हाई विचारलं."

रेणुकानं मोकळा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. "मग रडा की आता. सिस्टर कुणाला सांगत न्हाईत."

मी पाठ फिरवली आणि औषधाचं कपाट उगीच आवरत बसले.