डोमाजीभाऊंचा वन्स मोअर

मुलांनो, परवा रियाने व्हिडिओवर व्हायोलिन वाजवलं, तेव्हा माझ्या मागून "वन्स मोअर!" असं जे ओरडले, ते आमचे नागभीडचे शेजारी डोमाजीभाऊ. घाबरू नका. ते माझ्या वांग्याच्या भाजीलाही वन्स मोअर देतात. शाळेच्या समारंभात पाहुण्यांचं लांबलचक भाषण एकदाचं संपलं, तर त्यालाही दिला. आणि पाहुण्यांनी खरंच पुन्हा सुरुवात केली!

धान घरात आलं की आमच्याकडे गावोगावी रात्रभर नाटकं होतात. चारी बाजूंनी कनात, वर मोकळं आकाश. भाऊंच्या वन्स मोअरमुळे ती दूधवाला आला तरी संपत नाहीत. यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी बजावलं, "भाऊ, एक जरी आवाज काढला तं बाहेर काढीन!"

नाटक हाच या माणसाचा प्राण. "नाई काढत. पार्बताची शपथ!" म्हणाले. पार्बता म्हणजे त्यांची बायको. ती आता नाही.

पहिलं गाणं संपलं. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. दुसरं संपलं, दुपट्टा आणखी आत.

"जमून रायलं का, भाऊ?" मी विचारलं.

"म्म्म."

तेवढ्यात नायिकेने हात वर करून टाहो फोडला, "देवा, तू आहेस का रे?" आणि आकाश पेटलं! हिरवट-पांढरा, हा एवढा गोळा, शेपटीसकट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेला. नायिकेच्या नाकावरचा घामसुद्धा दिसला. मग ठिणग्या होऊन विझला. सगळ्यांनी कौतुकाने लायटिंगवाल्याकडे पाहिलं, तर तो बिचारा टेबलाखाली!

भाऊ खुर्चीवर चढले. दुपट्टा थुंकला. "वन्स मोअर!"

मग काय! अख्खं गाव उठलं. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर! वन्स मोअर!" ओरडून ओरडून अध्यक्षांचाही घसा बसला. पण माणूस शब्दाचा पक्का. बसलेल्या घशानेच त्यांनी भाऊंना बाहेर काढलं.

मी लवकर येऊन धरलेली पहिल्या रांगेतली खुर्ची सोडली आणि मागोमाग गेले. कापलेल्या धानाच्या शेतात भाऊ मान वर करून उभे होते.

"शपथ मोडली हो," मी म्हटलं.

"पार्बता रागवत नाई. तीबी नाटकातच गाये, बाई. पहिल्यांदा आयकलं तवा मी असाच ओरडलो. तिनं पुन्हा गायलं नाई. लगन झाल्यावर घरातबी ओरडलो. नाई म्हणजे नाई. एक गाणं एकदाच."

मग गोळा विझला त्या दिशेला बोट करून म्हणाले, "तुम्ही इंग्रजी शिकल्या. तो परत येते का?"

"नाही भाऊ. जळून गेला तो."

"येत नाई, मले मालूम हाये. पण मागून तं ठेवाव लागते."

आत नाटक पुन्हा सुरू झालं होतं. आसपास कोणी नाही, एवढं बघून घेतलं. मग मी पदर खोचला आणि आकाशाकडे तोंड करून जोरात ओरडले.