भर दुपारची भुतं

रात्री भुताच्या गोष्टी कोणीही सांगेल. आमचे शेजारी अण्णाकाका भर दुपारी सांगायचे, आणि त्याही स्वतः लिहिलेल्या. त्यांच्या वाडीत बायका सुपारी सोलायला बसल्या की काका चष्मा लावून कागद काढायचे. विहिरीतून हडळ वर आली की बायकांचे हात असे झपाझप चालायचे, की सांजेचं काम दुपारीच आटपायचं.

त्यांची भुतं पिंपळावर राहत नसत. चांगल्या घरांतून निघायची. कुणी सोवळी केलेली, कुणी उपाशी ठेवलेली. "भुताला काय भिता? ते झालं कशानं, त्याला भ्या," काका म्हणायचे. अर्धं दिवेआगर त्यांना वेडं म्हणे. म्हणो बापडं. त्यात रोज सकाळी स्मशानापासून आपल्या दारापर्यंतची वाट ते स्वतः झाडायचे.

मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी माझं लग्न ठरवलं. नवरा माणगावचा, चाळिशीचा, दोन बायका बाळंतपणात गेलेल्या. लहान मुलींची लग्नं करू नयेत असा कायदा झाला होता म्हणे, पण तो अजून आमच्या आगरात पोचला नव्हता. आई रडत होती, मी रडत होते. ऐकतो कोण?

साखरपुड्याला काका न बोलावता आले आणि ओसरीवर बसून वाचायलाच लागले. एका घराच्या उंबऱ्याशी दोन अळवंतिणी बसल्यात, बाळंतपणात मेलेल्या. तिसरीची वाट बघतायत. एक म्हणते, "सरक गो, पोरीला जागा कर. लहान आहे ती."

नवरदेव उठले ते वहाणा न घालताच बैलगाडीत जाऊन बसले.

"माझ्या ओसरीवर असलं अभद्र?" वडील म्हणाले.

"मी नुसतं लिहिलं. तुम्ही करणार होतात," काका म्हणाले, आणि पान उलटून उरलेली गोष्ट पुरी वाचली.

वडील त्यांच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मी शाळेत गेले, शिकले, मास्तरीण झाले. एका सुट्टीत घरी आले, तर काका वाकून वाट झाडतच होते.

"काका, आता पुरे की. कुणासाठी झाडता?"

"आमच्या यमूसाठी. धाकटी बहीण माझी. तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. अळवंतीण होऊन परत येऊ नये म्हणून लोकांनी वाटेवर नाचणी फेकली. दाणे वेचून झाल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही म्हणतात." काकांनी केरसुणी जमिनीवर आपटून सारखी केली. "माझ्याही हातात मूठभर दिली होती. मी फेकली गो."

मी त्यांच्या हातातली केरसुणी घेतली आणि त्यांच्या दारापर्यंत झाडत आले. लोक बघत होते. बघोत.